पूर्व भागातलं चरित्र-पुस्तकांचं दुकान: बांधणी पक्की, वंशवृक्ष तपासून घ्या

सोलापूरच्या पूर्व भागातल्या या दुकानात मराठी आणि तेलुगू टायपिंग एकाच टेबलावर होतं, आणि तीच त्याची खरी ताकद. लग्नपत्रिका आणि अहवालांच्या जोडीला ते घराण्याची चरित्र-पुस्तकं करून देतात. स्कॅनिंगपासून बांधणीपर्यंत सगळं तिथेच. हे परीक्षण एका निवृत्त अभियांत्रिकी प्राध्यापकांच्या पुस्तकावरून आहे: डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), 128 पानं, 50 प्रती. सरांचं घराणं तेलंगणातल्या महबूबनगरकडचं, मेनोनाइट ब्रदरन या ख्रिस्ती मंडळीतलं. नोकरी सगळी सोलापुरात. छपाई आणि बांधणी इथे डोळे झाकून द्यावी. वंशवृक्ष आणि इतिहासाच्या प्रकरणावर मात्र स्वतः ओळ न् ओळ तपासल्याशिवाय सही करू नये.

स्कॅनिंग चांगलं आहे, पण सांगून करून घ्यावं लागतं. कागदपत्रांना 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) पुरतं, फोटोंना 600 आणि पासपोर्ट आकाराच्या फोटोंना 1200 मागा. फाइल टिफमध्ये घ्या, म्हणजे फोटोचा तपशील दाबला जात नाही. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो छपाईच्या कामाचा राहत नाही. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखाने उचकटू नका. डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा फिरवला की फोटो सुटतो. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या काळ्या भागावर निळसर चंदेरी थर येतो, स्कॅनरचा उजेड त्यावर चमकतो आणि चेहरा पुसट येतो. असे फोटो दुकानवाले स्टँडवर कॅमेरा लावून, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे ठेवून काढतात. फरक लगेच दिसतो.

सरांच्या ड्रॉइंगची गोष्ट वेगळी. ए-1 कागदाची लांब बाजू 841 मिलिमीटर. ती डेमी पानात बसवली की साडेतीन मिलिमीटरचं अक्षर पाऊण मिलिमीटरवर येतं आणि मापं वाचताच येत नाहीत. पूर्ण ड्रॉइंग एकदा लहान दाखवा आणि त्यातला एक जोड किंवा छेद मोठा करून शेजारी लावा. अमोनिया प्रिंट (ड्रॉइंगच्या जुन्या पद्धतीच्या नकला) असतील तर त्या दुकानाच्या काचेजवळ ठेवू देऊ नका, उजेडाने उडतात.

समीकरणांत सगळ्यात जास्त वेळ गेला. सरांच्या जुन्या नोट्स श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये होत्या. युनिकोडमध्ये बदलताना दुकानाने अख्खी फाइल एकदम कन्व्हर्टरमधून काढली. कन्व्हर्टरला फक्त अक्षरांचे कोड दिसतात. मध्येच आलेला सिग्मा किंवा इंग्रजी अक्षर हे मराठी नाही, हे त्याला कळत नाही, म्हणून ताणाच्या सूत्रात मात्रा आणि रफार येऊन बसले. उपाय साधा आहे: समीकरणं आधी बाहेर काढायची, लाटेक या गणिताची मांडणी करणाऱ्या प्रणालीत लावून व्हेक्टर पीडीएफ (कितीही मोठी केली तरी न फुटणारी) करायची आणि मजकूर बदलून झाल्यावर परत बसवायची. जेपीजी चिकटवू देऊ नका, घातांक फुटतात.

आता वंशवृक्ष. दुकानाच्या तयार साच्यात जन्मतारीख नसेल तर बाप्तिस्म्याच्या वर्षालाच जन्मवर्ष धरतात. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळींत हे चालून जातं, मेनोनाइटांत नाही. 1525 साली झुरिकमध्ये ही परंपरा वेगळी झाली तीच या मुद्द्यावर: समज आल्यावर, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घ्यायचा. पहिल्या प्रुफात सरांचे आजोबा स्वतःच्या थोरल्या मुलापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठे निघाले, ते यामुळेच. दोन रकाने वेगळे ठेवायला सांगा, आणि जन्म माहीत नसेल तर रकाना कोरा राहू द्या.

दुसरी चूक फसली सनाची, म्हणजे निजामाच्या सरकारी कामकाजातल्या कालगणनेची. महबूबनगर निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे जुन्या दाखल्यांवर फसली वर्ष असतं आणि ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलतं. फसली 1345 म्हणजे ऑक्टोबर 1935 ते ऑक्टोबर 1936. दुकानाने सरसकट 590 मिळवले, म्हणून जानेवारी ते सप्टेंबरमधली प्रत्येक तारीख एक वर्ष मागे गेली. त्या महिन्यांना 591 मिळवायचे. नावांचंही असंच: तेलुगू रीतीत घराण्याचं नाव आधी येतं, आपल्याकडे आडनाव शेवटी. एकच माणूस सूचीत दोनदा येतो.

इतिहासाच्या प्रकरणात ‘मेनोनाइट’चं तीन ठिकाणी ‘मेथडिस्ट’ झालं होतं. त्याहून गंभीर म्हणजे छत्तीसगडमधल्या धमतरीच्या रुग्णालयाचा फोटो महबूबनगरच्या पानावर लागला होता. धमतरीचं मिशनही 1899 चं आणि मेनोनाइटच, पण ते वेगळ्या शाखेचं. मेनोनाइट ब्रदरन ही शाखा 1860 साली तेव्हाच्या रशियातल्या (आता युक्रेन) मोलोच्ना वसाहतीत निघाली आणि तिचे मिशनरी एन. एन. हिबर्ट 1899 मध्ये हैदराबादला आले. नातवंडं पुढे हेच पुस्तक पुरावा म्हणून उघडणार आहेत, तेव्हा इथे हयगय नको.

बांधणीला पैकीच्या पैकी गुण. मजकुराला 80 जीएसएम (चौरस मीटरला 80 ग्रॅम) नॅचरल मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद, फोटोंना 130 जीएसएम आर्ट पेपर. परफेक्ट बायंडिंग (पानं पाठीला नुसती गोंदाने चिकटवणं) स्वस्त पडतं, पण आर्ट पेपरच्या गुळगुळीत थरात गोंद मुरत नाही. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीत पुस्तक राहिलं तर गरम गोंदाची पाठ मऊ पडून पानं सुटतात. जुजबंदी शिलाई (पानांचे जुडगे घडीतून दोऱ्याने शिवणं) आणि वर पुठ्ठाच घ्या. 12 बाय 18 इंची शीटचा ग्रेन (कागदाच्या तंतूंची दिशा) लांब बाजूनेच हवा, म्हणजे तो पाठीला समांतर येतो. आडवा आला तर पानं लाटेसारखी वर येतात. याची चौकशी दुकानवाल्यांनी आपणहून केली. असं विचारणारे आता फार थोडे राहिलेत.

128 पानांचे 8 फर्मे, म्हणजे घडी घालून केलेले 16-16 पानांचे जुडगे होतात. शिलाई झाल्यावर, पुठ्ठा चढण्याआधी, एकदा दुकानात जाऊन प्रत्येक प्रतीची पाठ बघा. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर छापलेल्या काळ्या खुणा जिन्यासारख्या उतरत्या दिसायला हव्यात. पायरी गाळली तर फर्मा राहिलाय, एकाच पायरीवर दोन खुणा आल्या तर फर्मा दोनदा लागलाय. इथे दोन प्रतींत चौथा फर्मा दोनदा होता. जागेवर दाखवल्यावर त्या उसवून नव्याने शिवून दिल्या, जादा पैसे न घेता.