उथळ वाटीचा खांदा : फिजिओ की ऑपरेशन?

रिपोर्टवर 'ग्लेनॉइड हायपोप्लेशिया' आलंय, म्हणजे खांद्याची वाटी जन्मापासूनच खालच्या बाजूला नीट भरलेली नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. आता रबर बँड ओढत बसायचं की दुर्बिणीतून फाटलेलं लॅब्रम, म्हणजे वाटीच्या कडेची कूर्चेची गादी, शिवून घ्यायचं, एवढंच ठरवायचं राहतं.

मी कबड्डीत कव्हरला खेळतो. डॅश मारताना, म्हणजे चढाईवाल्याला धडक देऊन बाहेर ढकलताना, हात पुढे आणि मागून अख्ख्या अंगाचा भार. अशा वेळी दंडाच्या हाडाचा गोळा वाटीच्या मागच्या कडेवर सरकतो आणि आत 'कट्' होतं. जोर काढताना खाली गेलं की तेच. इथे ऑपरेशनची बाजू भक्कम आहे. फाटलेलं लॅब्रम व्यायामाने काही शिवलं जात नाही. पण शिवलं तरी वाटी उथळ ती उथळच. हाडाचा कोन बदलण्याची शस्त्रक्रियाही असते, पण ती मोठी, आणि सुरुवातीलाच सहसा कुणी सुचवत नाही.

माझं पारडं फिरलं ते वेगळ्याच कारणाने. हा दोष बहुतेकदा दोन्ही खांद्यांत असतो. मागचं लॅब्रम शिवल्यावर हात साधारण ४ ते ६ आठवडे पट्ट्यात, तोही नेहमीसारखा पोटाशी नाही. कमरेला उशी बांधून पंजा समोर काढलेला, कारण हात पोटाकडे वळला की मागच्या टाक्यांवर ताण येतो. मग बादली उचलणं, दार ढकलणं, गादीवरून रेटा देऊन उठणं कुणी करायचं? दुसऱ्या हाताने. आणि तोही त्याच साच्यातला! माझा डावा आधीच कुरकुरत होता. उजव्याचं भलं करायला त्याला जुंपणं मला काही पटेना.

फिजिओत कंटाळा आहे, नाही कशाला म्हणू. दाराच्या कडीला बँड, काखेत घडी केलेला टॉवेल, कोपर कुशीला चिकटलेलं, आणि हात हळूहळू बाहेर. रोज तेच. वर जोर आणि बेंच प्रेस बंद. पण दोन्ही खांदे बरोबरीने सुधारतात, आणि मला वाटतं खरा फायदा तोच.

सहा महिने इमानेइतबारे करूनही खांदा निसटत असेल, रात्री ठणकत असेल, तर ऑपरेशनला नाही म्हणू नका. तुमचे सर्जन माझ्यापेक्षा जास्त जाणतात. मी अजून डॅश मारतो, फक्त कोपर वाकवून, छाती पुढे घालून. कोचना ते फारसं आवडत नाही.