मासळीच्या पाण्याला सिलिकॉन की पॉलिइथर? दोन्ही डिफोमर वापरल्यानंतरचा अनुभव

गोव्यातल्या कुंकळ्ळी औद्योगिक वसाहतीतल्या मासळी प्रक्रिया युनिटमध्ये मी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा, सांभाळतो. बांगडा-तारली धुतलेल्या पाण्यात रक्त आणि प्रथिनं भरपूर. त्यात फरशी धुण्याचा साबण मिसळला आणि ब्लोअर सुरू झाला, की एरेशन टाकीवर (जिथे पाण्यात हवा सोडतात) पांढरा चिवट फेस चढतो. पाण्याचा फवारा मारून तो बसत नाही.

त्यासाठी डिफोमर, म्हणजे फेस मोडणारं रसायन लागतं. पहिले काही महिने सिलिकॉन इमल्शन (पाण्यात मिसळलेलं सिलिकॉन तेल) वापरलं. फेस मारण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, सिलिकॉन तेलाचा जेमतेम २१. म्हणून थेंब बुडबुड्याच्या पडद्यावर झटकन पसरतो आणि त्यातले सिलिकाचे बारीक कण पडदा फोडतात. किलोमागे महाग, पण लागतं थोडंच.

अडचण पुढच्या टप्प्यावर आली. आमचं प्रक्रिया केलेलं पाणी यूएफमधून (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची, मेम्ब्रेनची गाळणी) जातं. तिथला दाब हळूहळू चढायला लागला. आधीचा कार्ट्रिज फिल्टर उघडला तर बोटांना बुळबुळीत थर लागला, साबणाने चोळूनही सुटेना. मेम्ब्रेन कॉस्टिक सोड्याने धुतली, तरी प्रवाह पूर्ववत झाला नाही. विक्रेत्याने ‘सगळीकडे चालतं’ एवढंच सांगितलं होतं. पुढे मेम्ब्रेन आहे का, हे विचारलंही नाही. माझ्या मते डिफोमर निवडताना हाच पहिला प्रश्न हवा: फेस मोडल्यावर पाणी जातं कुठे?

खनिज तेलाचा डिफोमर स्वस्त पडतो, पण मी तो घेतलाच नाही. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरमागे १० मिलीग्रॅम असताना आपल्या हाताने तेल का ओतायचं?

आता पॉलिइथर, म्हणजे पॉलिमरचा डिफोमर, चालू आहे. सिलिकॉनइतका झटका नाही, डोसही जास्त लागतो, पण यूएफचा दाब स्थिर आहे. हा घेताना क्लाउड पॉइंट नक्की विचारा. त्या तापमानाच्या खाली तो पाण्यात विरघळून जातो आणि फेसावर काम करत नाही. त्याच्या वर थेंब वेगळे होतात, तेव्हाच फेस मोडतो. आपल्याकडे पाणी तिशीच्या आसपास, म्हणून क्लाउड पॉइंट त्याहून बराच खाली असलेला माल घ्यावा.

नमुना आला की त्याच दिवसाचं आपलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात थोडं घ्यायचं, माशांच्या टाकीचा छोटा पंप लावून हवा सोडायची. फेस वर आला की एक थेंब. किती लवकर बसला हे सगळेच बघतात. मी बघतो तो परत किती वेळाने चढला ते. खरा खर्च तिथे कळतो.

डोस बेताचा ठेवा. जास्त झाला तर हवेतला ऑक्सिजन पाण्यात नीट उतरत नाही आणि टाकीत पाणी साफ करणाऱ्या जिवाणूंना तो पुरत नाही. सिलिकॉन इमल्शन वापरत असाल तर त्या दिवसापुरतंच पातळ करा. पातळ केलेलं ठेवलं की फाटतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासळी कमी, म्हणून टाकीत जिवाणूंना खाद्य कमी, त्यांचा गाळ जुना होतो. त्या दिवसांत तपकिरी, चिकट साय धरली. ती तंतुमय जिवाणूंची, त्यावर कुठलाच डिफोमर पुरा पडत नाही. आम्ही साय वरून काढून टाकली, रोज थोडा गाळ उपसला, तेव्हा ती हटली.

ज्यांच्याकडे मेम्ब्रेन नाही त्यांनी सिलिकॉनच घ्यावं. मेम्ब्रेन असेल तर पॉलिइथर, आणि त्यात सिलिकॉन मुळीच नाही हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.