पोर्टफोलिओ फी मागितली तर आधी फोटोग्राफरला फोन करा

इंदूर, देवास, उज्जैनकडच्या ज्या मुली पोर्ट्रेट किंवा कॉस्प्ले शूट करतात, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय. फोटोग्राफर मंडळींनीही वाचा. पोर्टफोलिओच्या, म्हणजे काम मिळवायला दाखवायच्या फोटोसंचाच्या नावाखाली फी उकळायच्या या प्रकारात आपला स्टुडिओ आमिष म्हणून वापरला जातो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मी फ्रीलान्स फोटोग्राफर. लग्नसराईत लग्नं, एरवी पोर्ट्रेट, आणि अलीकडे कॉस्प्ले. ॲनिमे, गेम किंवा कॉमिकमधल्या पात्राचा हुबेहूब वेश करायचा, असा हा छंद. आपल्याकडे दिल्लीत २०११ साली पहिलं कॉमिक कॉन झालं. आता इंदूरच्या कॉलेजातली पोरंही यात रमलीत. ईव्हीए फोमची शीट कापायची, हीट गनने वळवायची, फेविकॉल एसआरने जोडायची, वर रंगाचे थर. महिनोन्महिने खपून एक चिलखत तयार होतं आणि घरचे म्हणतात, ‘हे नाटक कशाला?’ अशा वेळी कोणी ‘मुंबईला काम मिळवून देतो’ म्हणालं, तर ते गोड लागणारच.

आमच्या धंद्यात पैशाच्या तीन तऱ्हा आहेत. कधी मॉडेल फोटोग्राफरला पैसे देते, कधी फोटोग्राफर मॉडेलला देतो, आणि कधी कोणीच कोणाला काही देत नाही. तिसऱ्याला टीएफपी म्हणतात: तिने वेळ द्यायचा, आपण फोटो द्यायचे. तिन्ही प्रकार रीतसर आहेत. पण नवीन मुलीला त्यातला फरक माहीत नसतो. ‘फी भरावी लागते’ म्हटलं की तिला वाटतं, असेल तशी पद्धत. ठग नेमका इथे शिरतो.

मला भेटलेला ठग स्वतःला ‘टॅलेंट कोऑर्डिनेटर’ म्हणवायचा. फोनवर पहिलंच वाक्य, ‘नमस्कार दादा, आमचं आजोळ रामबागेतलं हो.’ इंदुरात कोणी अचानक मराठी बोललं की आपण किती पटकन विरघळतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. छप्पन दुकान या खाऊगल्लीत भेटला, शिकंजी पाजली, आग्रहाने बिल स्वतः दिलं. काम सांगितलं ते असं: मुंबईच्या एका एजन्सीसाठी कॉस्प्ले आणि पोर्ट्रेटची बॅच शूट करायची, माझं मानधन वीस हजार, पैकी पाच हजार तिथल्या तिथे यूपीआयने. एकच अट. ‘मॉडेल्सशी पैशाचं काही बोलू नका दादा, अनप्रोफेशनल वाटतं. तो विषय माझा.’

अर्धं शूट स्टुडिओत झालं, अर्धं पहाटे कृष्णपुरा छत्रीवर, म्हणजे इंदुरातल्या होळकरांच्या समाधीवास्तूवर. उन्हाळ्यात तिथे लवकर जावं लागतं, कारण ऊन तापलं की चिलखताचे सांधे उकलायला लागतात. एका मुलीचं खांद्यावरचं पान असंच सुटलं, तर तिच्या आईने पर्समधून सुईदोरा काढून वेल्क्रोची पट्टी जागेवरच टाचली. छत्रीच्या भिंतीवर दगडात कोरलेले शिपाई आहेत, त्यांच्याशेजारी ही फोमचं चिलखत घालून भाला रोवून उभी. काळा विग सावलीत नुसता गोळा दिसतो, म्हणून मागून एक लाइट दिला, तेव्हा कुठे केस दगडापासून सुटे झाले. फ्रेम खरंच झकास होती. तिने स्क्रीनवर बघितली आणि विचारलं, ‘दादा, कॉन्ट्रॅक्टसाठी हाच पाठवाल ना?’ मी ‘कुठलं कॉन्ट्रॅक्ट?’ म्हणेपर्यंत हा मध्ये आला. ‘चल चल, मेकअप टचअप कर.’

शूट संपल्यावर त्याने रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स मागितल्या. पूर्ण पैसे आल्याशिवाय मी त्या देत नाही. लहान आकारातले, वॉटरमार्कवाले फोटो दिले. बाकीचे पंधरा हजार आधी ‘मुंबईच्या अकाउंट्समध्ये अडकले’, मग एजन्सीची मॅडम रजेवर गेली, मग त्याचा फोन लागेनासा झाला. पैसे बुडणं या धंद्यात नवं नाही. एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

पण मग त्या सुईदोरावाल्या काकू स्टुडिओत आल्या. ‘दादा, तुमच्या स्टुडिओची फी आम्ही भरली, अठरा हजार. कॉन्ट्रॅक्ट कधी येणार?’ त्यांनी मोबाइलवर पावती दाखवली. वर माझा लोगो, माझ्या इन्स्टाग्रामवरून उचललेला. खाली ‘पोर्टफोलिओ शुल्क’, ‘रजिस्ट्रेशन’ आणि ‘परत मिळणारी अनामत’ अशा तीन ओळी. सही कोणाची ते देवच जाणे. पैसे गेले ते खातं माझं नव्हतं, त्याचंही नव्हतं. भलत्याच नावाचं, दुसऱ्या राज्यातलं होतं. बॅचमधल्या इतर मुलींना फोन लावले, तर कमीअधिक आकड्यांची तीच कथा. मला दिलेले पाच हजार ही त्याची गुंतवणूक होती. खरा स्टुडिओ, खरे लाइट, खरा कॅमेरा दिसला की आई निर्धास्त होते आणि पैसे भरते. पुढे देवासच्या एका मुलीला त्याने हेच छत्रीवरचे फोटो ‘आमची इंदूरची बॅच’ म्हणून पाठवले होते, माझा वॉटरमार्क कापून.

आणि मला पैशांपेक्षा जास्त काळजी आहे ती कागदांची. ‘रिलीज फॉर्म’ म्हणून त्याने प्रत्येकीची सही आणि आधारची प्रत घेतली होती. मॉडेल रिलीज म्हणजे हे फोटो कुठे आणि कशासाठी वापरायचे याची लेखी संमती. त्यासाठी सबंध आधार लागत नाही. ओळख पटवायचीच असेल तर यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या साइटवरून मास्क्ड आधार काढता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि कोऱ्या रकान्यांच्या फॉर्मवर सही करायचीच नाही.

काकूंना आधी १९३० वर फोन करायला लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर रक्कम रोखून धरता येते, म्हणून इथे ‘नवऱ्याला विचारून उद्या बघू’ चालत नाही. मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, मग ठाणं. मीही माझी तक्रार वेगळी दिली. ठाण्यात पहिला प्रश्न मलाच आला, ‘भिया, पावती पे नाम तो आपका है?’ तेव्हा रॉ फाइल्स कामाला आल्या. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत बॉडीचा सिरियल नंबरही नोंदलेला असतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते, म्हणून मूळ कार्ड जपून ठेवा. त्याच्या व्हॉइस नोटही मी पुसल्या नव्हत्या. त्या ‘अनप्रोफेशनल’वालीसकट सगळ्या दिल्या. १ जुलै २०२४ पासून ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलंय. अर्जात तेच लिहिलं.

त्या ठगाशी शेवटचं बोलणं झालं तेव्हा त्याने मला कायदाही शिकवला होता: ‘पैसे दिलेत, फोटो आमचे.’ यात अर्धं सत्य आहे, ते फोटोग्राफरांनी माहीत करून घ्यावं. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता. पण कलम १७ म्हणतं की कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा. म्हणून माझ्या एकपानी करारात आता स्पष्ट वाक्य आहे: पूर्ण मानधन जमा होईपर्यंत हक्क माझ्याकडे.

आता मधला माणूस कितीही गोड असो, शूटच्या आधी मी प्रत्येक मॉडेलला स्वतः फोन करतो. अठराच्या आतली असेल तर आईवडिलांना. कोण कोणाला किती देतंय, हे तिच्याच तोंडून ऐकतो आणि मेसेजवर लिहून घेतो. यावर एक कोऑर्डिनेटर रुसून निघून गेला. जाऊ दे.

काकूंचे थोडे पैसे खात्यात रोखले गेलेत, सुटायचे बाकी आहेत. मुलींना मी पूर्ण आकाराचे फोटो देऊन टाकले. तो नंबर बंद आहे, पण कापलेल्या वॉटरमार्कचे फोटो एका अकाउंटवरून काढायला लावले की दुसऱ्यावर उगवतात. कृष्णपुरा छत्री, फोमचं चिलखत, हातात भाला असा फोटो दाखवून कोणी तुमच्याकडे रजिस्ट्रेशन मागत असेल तर पैसे भरू नका, चॅटचे स्क्रीनशॉट घ्या आणि १९३० लावा.