द्राक्षबागेत टेन्शिओमीटर: एप्रिल छाटणी ते बेदाणा, पूर्ण सिझनचा अनुभव

एप्रिल छाटणीच्या (म्हणजे खरड छाटणीच्या) आधी बागेत दोन टेन्शिओमीटर, म्हणजे मातीतला ओलावा दाखवणारी नळी, गाडले आणि बोअरच्या लाईनीवर पाण्याचं मीटर बसवलं. आता माल उतरून बेदाणा रॅकवर पडलाय, म्हणजे दोन्ही छाटण्या आणि मधला पावसाळा बघून झाला, आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव टाकत नाही कारण सगळ्यांचं तंत्र एकच हाय. पाण्यानं भरलेली नळी, खालच्या टोकाला सच्छिद्र मातीचा कप, वर व्हॅक्युमचा काटा, आकडे सेंटीबारमध्ये. माती सुकली की कपातनं पाणी ओढते आणि काटा वर जातो, ओली झाली की खाली येतो. आमच्या आण्णांना हे काय पटेना. "पाणी दिलं की आकडा कमी होतो होय? उलटं बसवलंय तुम्ही." दोन महिने रोज सकाळी जाऊन तेच आधी काटा बघायला लागले ते वेगळं.

आमचं रान तासगावच्या पूर्वेला, मुरमाड, वर जेमतेम दीड फूट माती. 9 बाय 5 फुटांची लागण, म्हणजे एकरी साडेनऊशेच्या वर झाडं, झाडाला 4 लिटरचे दोन ड्रिपर. हिशोब केला तर तासाला एकरी साडेसात-पावणेआठ हजार लिटर पाणी पडतं. एका एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 4000 लिटर, म्हणजे तासाला जवळपास 2 मिलिमीटर झाले, ते पण सगळ्या रानावर नाही, फक्त ड्रिपरखालच्या पट्ट्यात. हा हिशोब कागदावर सगळ्यांना येतो हो, पण आपल्याकडं पाणी कोण ठरवतं तर लाईट. रात्रपाळीची लाईट असली की ऑटोवर मोटर टाकायची न झोपायचं, लाईट जाईपर्यंत चालू. त्यात साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला 2024 पासून बिल पण नाही, मग मोटर बंद करायला रात्री उठणार कोण.

खरी गंमत दोन खोलींवर लावल्यावर कळते. एक 1 फुटावर, दुसरा 2 फुटावर, दोन्ही एकाच झाडाजवळ, ड्रिपरपासनं वीतभर लांब. एकच लावणार असाल तर पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत. संध्याकाळी वरचा 25 ला असायचा, खालचा 12 ला. रात्रभर मोटर चालली की सकाळी दोन्ही 5 च्या खाली. दुपारपर्यंत वरचा परत चढायला लागायचा आणि खालचा मात्र दोन-दोन दिवस जागचा हलायचा नाही. शेजारी कुदळीनं खड्डा घेऊन बघितला, पांढरी मुळी सगळी वरच्या फूट-सव्वाफुटात, दोन फुटावर गार चिखल आणि मुळी नावाला. म्हणजे ते पाणी झाडाचं नव्हतंच, आणि त्याच्याबरोबर व्हेंचुरीतनं (ड्रिपच्या पाण्यात खत ओढणाऱ्या नळीतनं) सोडलेलं खत पण मुरमात गेलेलं.

मग एकदम पाच-सहा तास देण्यापेक्षा रोज दीड-पावणेदोन तास द्यायला लागलो, वरचा 20-25 ला आला की चालू, खालचा 10-15 च्या आसपास राहील असं बघायचं. हे आकडे आमच्या मुरमाच्या रानाचे हायत, काळ्या रानात पाणी धरून राहतं तिथं वरचा 40 पर्यंत जाऊ दिला तरी चालतं, उगाच माझा आकडा कॉपी करू नका. पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचं पाण्याचं वेळापत्रक बाष्पीभवनावर आणि वाढीच्या अवस्थेवर असतं, ते आम्ही आधीपासनं बघतोच, पण आपलं रान त्यातलं किती धरतंय हे काटा सांगतो. दोन्ही मिळून वापरायचं.

सगळ्यात जास्त उपयोग कुठं झाला म्हणाल तर एप्रिल छाटणीनंतर सूक्ष्मघड (काडीच्या डोळ्यात पुढच्या मालाचे घड) तयार होताना. त्या काळात शेंडा थांबवायला पाणी कमी करतात पण किती कमी हे आपण पानाकडं बघून ठरवतो, आणि पान बोलायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. काटा बघत बघत ताण दिला, काडी चांगली तयार झाली. दुसरं म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पडला तेव्हा. पाऊस उघडला की शेजारीपाजारी दोन दिवसांत मोटरी चालू, आमचा वरचा काटा अजून 6 वर. आठवडा काढला तसाच. रान वाफशावर राहिलं आणि मुळी गुदमरली नाही. आणि मण्यात पाणी उतरल्यावर एकदम ताण देऊन एकदम पाणी दिलं की क्रॅकिंग होतं, म्हणजे मणी तडकतात, ते सगळ्यांना माहीत हाय, इथं तसा झटका बसू दिला नाही.

आता खोट. काटा 80-85 च्या वर गेला की कपातनं हवा आत शिरते आणि मग आकडा खोटा, टोपण काढून उकळून गार केलेलं पाणी परत भरायचं, बुडबुडे जाईपर्यंत टिचक्या मारत बसायचं. उन्हाळ्यात एक दिवस दुर्लक्ष झालं की हे काम आलंच. बसवताना कप रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, नळीच्याच मापाचा खड्डा घ्या आणि तळाला पातळ चिखल ओतून मगच दाबा, कपाभोवती पोकळी राहिली की तो मातीशी बोलतच नाही, विकणारा हे सांगत नाही. ब्लोअरचा (फवारणीच्या मशीनचा) ट्रॅक्टर वळताना एक गेज फुटला, तेव्हापासनं दोन्हीच्या बाजूला लोखंडी अँगल ठोकलेत.

लोक विचारतात बोअरला पाणी वाढलं का. नाही वाढलं. मोटरीचे तास निम्म्याच्या आसपास आले, मे महिन्यात बोअर गुळण्या टाकायचं, म्हणजे पाणी तुटत-तुटत यायचं, ते यंदा झालं नाही, पण पातळी वर आली असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं काळा पाषाण, पाणी राहतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि एका भेगेवर चार जणांची बोअर. मी सोडलेलं पाणी शेजारचा उपसतो, एवढंच. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या पुढची ती खोल विहीर, म्हणजे जेमतेम 200 फूट, आणि आमच्या शिवारात 200 फुटावर कोण थांबतंय ते बोअर मारणाऱ्या मशीनवाल्यालाच विचारा. चुलतभावानं पण टेन्शिओमीटर लावले, पाणी वाचलं, आणि त्यानं त्या पाण्यावर पलीकडं नवीन एकर लावला. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर हाय, बोअरचं गणित मात्र होतं तिथंच. अटल भूजल योजनेत सांगली-सातारा दोन्ही जिल्हे होते, त्यात गावागावात पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता तो ह्याच्यासाठीच, एकट्याच्या काट्यानं शिवाराचं पाणी मोजता येत नाही.

म्हणून मी बोअरवरचं मीटर सुद्धा तितकंच महत्त्वाचं मानतो. टेन्शिओमीटर सांगतो झाडाला पाणी कधी लागतं, मीटर सांगतं आपण जमिनीतनं किती काढलं. मीटरच्या आधी गाळणी लावा, नाहीतर बोअरची रेती आतल्या पात्यात अडकते. क्षाराचं पाणी असेल तर अधूनमधून उघडून साफ करा.

कुणी घ्यावं? ड्रिप असेल, बोअरवर बाग असेल, आणि घरातलं कोणतरी रोज सकाळी काटा बघणार असेल तर बिनधास्त घ्या. पाटानं ऊस भिजवत असाल तर हे राहू द्या, आधी ड्रिप करा. मोबाईलवर आकडा दाखवणारे सेन्सर पण मिळतात, लांब रान असलेल्यांना ते सोयीचे, पण आमचं रान घराला लागून, आण्णांना चष्मा लावून काटा दिसतो, मग कशाला. आता माल गेल्यावर दोन्ही उपसून कप स्वच्छ पाण्यात धुवून सावलीत ठेवलेत, खरड छाटणीच्या आधी परत गाडायचे, आणि यंदा वरचा एक फुटाऐवजी नऊ इंचावर लावून बघणार.