जहाजातून आलेली घरे : निकोबारमधील पुनर्बांधणीचे परीक्षण

त्सुनामीनंतर निकोबार बेटांवर सरकारने बांधून दिलेल्या कायमस्वरूपी घरांचे परीक्षण करायचे, तर भिंती आणि छप्पर पाहण्याआधी बोटीचा धक्का पाहावा लागतो. 26 डिसेंबर 2004 रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ लाटा आल्या. अंदमान-निकोबारमध्ये मृत व बेपत्ता मिळून साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गेली, त्यांतील बहुतेक निकोबारची होती. आणि ज्या धक्क्यांवर मदत उतरायची, त्यांतले बरेचसे त्याच सकाळी निकामी झाले. (भूकंपाचा धक्का आणि बोटीचा धक्का या दोहोंना मराठीत एकच शब्द आहे, हा योगायोग या प्रकरणात फार बोचतो.)

नुकसान केवळ मोडतोडीचे असते तर काम सोपे होते. येथे जमिनीची पातळीच बदलली. पोर्ट ब्लेअर (2024 पासून श्री विजयपुरम) सुमारे एक मीटर खचले आणि सिप्पीघाटसारख्या सखल भागांत भरतीचे पाणी कायमचे शिरू लागले. ग्रेट निकोबार बेटाच्या दक्षिण टोकाला 1972 साली उभारलेल्या इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया चार मीटरांहून अधिक खाली जाऊन पाण्यात गेला. उलट उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर जमीन इतकी वर आली की प्रवाळ उघडे पडले. म्हणजे एकाच द्वीपसमूहात कुठे धक्का उंच करायचा आणि कुठे तो पुढे खोल पाण्यापर्यंत लांबवायचा, असा पेच उभा राहिला. जुने नकाशे आणि खोलीचे जुने आकडे यांच्या भरवशावर एकही जहाज सुखाने लावता येत नव्हते. बेटावरच्या पुनर्बांधणीचे मोजमाप येथून सुरू व्हायला हवे, असे माझे मत आहे; पडलेली घरे मोजणे हे त्यानंतरचे काम.

पहिल्या काही आठवड्यांच्या सेवेला मी पूर्ण गुण देईन. कार निकोबारचा हवाई तळ उद्ध्वस्त झाला होता, पण धावपट्टीचा पुरेसा भाग शाबूत राहिल्यामुळे विमाने त्याच दिवशी उतरू शकली. तिन्ही दलांची संयुक्त अंदमान-निकोबार कमांड 2001 मध्येच स्थापन झालेली असल्याने विमान, जहाज आणि माणसे एकाच आदेशाखाली हलवता आली. शिवाय थेट पुळणीवर माल उतरवू शकणारी नौदलाची जहाजे असल्यामुळे धक्का नसतानाही काम अडले नाही.

तक्रारीला जागा आहे ती पुढच्या टप्प्यात. तात्पुरता निवारा म्हणून पत्र्याच्या खोल्या आल्या. पत्रा का निवडला गेला हे समजण्यासारखे आहे : तो एकावर एक रचता येतो, जहाजाच्या पोटात कमी जागा घेतो, भिजून खराब होत नाही आणि दोन माणसे तो सहज उचलतात. वाहतुकीच्या दृष्टीने याहून चांगली वस्तू नाही. पण निकोबारच्या दमट उन्हात त्याच खोलीची भट्टी होते आणि पावसात आत बोललेले ऐकू येत नाही. थोड्या काळासाठी आणलेल्या या खोल्यांत अनेक कुटुंबांनी पाच-सहा वर्षे काढली.

कायमची घरे प्रामुख्याने केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने उभारली. हा प्रदेश त्या वेळी भूकंपाच्या पाचव्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत धोक्याच्या, क्षेत्रात येत होता. त्यामुळे आधी तयार केलेले सुटे भाग जोडून उभे राहणारे घर निवडण्यात अभियांत्रिकीच्या अंगाने चूक काढता येत नाही. मात्र हा माल मुख्य भूमीवरून सुमारे 1,200 किलोमीटर समुद्र ओलांडून पोर्ट ब्लेअरला, तेथून लहान जहाजाने दूरच्या बेटावर, मग तराफ्यावर आणि शेवटी ट्रकमध्ये किंवा डोक्यावर असा जातो. प्रत्येक उतार-चढावात काही तुटते, काही हरवते, आणि सिमेंटची गोणी दमट हवेत थोडी जास्त थांबली की तिचा दगड होतो. त्यातच मे महिन्यापासून वर्षअखेरीपर्यंत दोन्ही मोसमी पाऊस पाठोपाठ येत असल्याने निर्वेध कामासाठी जानेवारी ते एप्रिल एवढेच महिने उरतात. विलंबाची ही कारणे खरी आहेत, परंतु ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आधी धक्का आणि कोरडे गोदाम, मग घर, हा क्रम कटाक्षाने पाळला असता तर बराच विलंब टळला असता.

कार निकोबारचे जुने घर गोल, घुमटाकार, गवताने शाकारलेले आणि पुरुषभर उंच खांबांवर उभे असे. खालच्या सावलीत बसणे-उठणे होई, गप्पा होत, डुकरे वावरत. आणि ‘तुहेत’ म्हणजे मोठे एकत्र कुटुंब जमीन, नारळ व घरे सामाईकपणे सांभाळी. नवे घर एका चौकोनी कुटुंबाच्या मापाचे निघाले. ते वाटताना कुटुंबांची यादी करावी लागली आणि यादी करताना तुहेतचे तुकडे पाडावे लागले. हत्यारे आणि अवजारे द्या, घरे आम्ही बांधू, अशी मागणी निकोबारी पुढाऱ्यांनी आरंभीच केली होती. वाहतुकीच्या हिशेबाने पाहिले तरी ती मागणी शहाणपणाची होती, कारण कुऱ्हाडी, करवती आणि खिळे यांना जहाजात लागणारी जागा घरांच्या पोलादाच्या मानाने नगण्य असते. शाकारणी जुनी झाली तर गवत बेटावरच मिळते. खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या पत्र्याचा बोल्ट मात्र बाहेरून मागवावा लागतो. ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झालेल्या 2,312 किलोमीटरच्या सागरी केबलमुळे कार निकोबार, कामोर्टा आणि ग्रेट निकोबार चेन्नईशी जोडले गेले, त्यामुळे मागणी नोंदवणे सोपे झाले असले तरी माल येतो तो बोटीच्याच वेळापत्रकाने.

ग्रेट निकोबारचा अनुभव थोडा वेगळा आहे. 1969 पासून तेथे माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली आणि त्यांत महाराष्ट्रातून गेलेलीही होती. त्यांना अशा एककुटुंबी घराची सवय असल्याने माप खटकण्याचे कारण नव्हते. पण त्याच बेटाच्या पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावरचे निकोबारी लोक लाटेनंतर कॅम्पबेल बेजवळच्या राजीवनगर आणि न्यू चिंगेन येथे आणले गेले आणि आपल्या मूळ गावी परतण्याची मागणी ते पुढे वर्षानुवर्षे करत राहिले. इंदिरा पॉइंटकडे जाणारा किनारी रस्ता लाटेत तुटला, गलाथिया नदीवरचा पूल पडला. या माणसांना घरे मिळाली, पण ज्या बागा आणि ज्या किनाऱ्यावर त्यांचे पोट होते, तेथवर नेणारी वाट या पुनर्बांधणीने त्यांना दिली नाही.