डच मॅनलिखर, पण थ्री-नॉट-थ्री: इंडोनेशियन कार्बाइन काही महिने वापरल्यावर

इथे अमेरिकेत क्युरिओ अँड रेलिक परवान्यावर, म्हणजे जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांच्या परवान्यावर, घेतलेली ही कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, मला आता बऱ्यापैकी कळली आहे. मूळची डच एम95 मॅनलिखर, 6.5 मिमी. रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो त्या सांगाड्यावर, हेंब्रुग या डच शस्त्रकारखान्याचा शिक्का. तिथल्या डच वसाहती सैन्याकडून, म्हणजे केएनआयएलकडून, ती इंडोनेशियाकडे आली. 1949 च्या अखेरीस सत्तांतर झालं, 1950 च्या एप्रिलमध्ये बांडुंगचा शस्त्रकारखाना नव्या सरकारच्या हाती आला. आजचं पिंडाड ते हेच. त्या दशकात या बंदुका आखूड करून, नळीचं भोक वाढवून .303 (थ्री-नॉट-थ्री) काडतुसासाठी बदलल्या गेल्या.

.303 च का? दुसऱ्या महायुद्धानंतर ते काडतूस ब्रिटिश फौजेबरोबर त्या बेटांवर पोचलं होतं. 1945 मध्ये जावा बेटावरच्या सुरबायात उतरलेल्या 49 व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. आपली माणसं तिथे थ्री-नॉट-थ्री घेऊनच लढली आणि मेली. हातात घेतली की मला दर वेळी ते आठवतं.

आता चालवण्याबद्दल. धक्का जबरदस्त आहे. बंदूक हलकी, नळी तोकडी, काडतूस पूर्ण ताकदीचं. नळीच्या तोंडाशी बसवलेला भोकांचा मझल ब्रेक (वायू बाजूला सोडून धक्का कमी करणारा तुकडा) खांद्याला थोडा दिलासा देतो, पण आवाज शेजारच्या लेनवाल्याच्या अंगावर जातो. रेंजवर मी कडेचीच जागा घेतो. बोल्ट मात्र सुरेख, तेलाच्या एका थेंबावर सरसर चालतो.

मी फॅक्टरीची काडतुसं आता वापरतच नाही. भोक वाढवल्याने नळीची जाडी कमी झालेली, वर एवढं वय. आधी गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घेतला, नळीतून शिशाची गोळी ठोकून आतला व्यास मोजला आणि मग हलक्या भाराची, ओतीव शिशाच्या गोळीची काडतुसं घरी भरली. 50 यार्डांवर समाधान मिळतं. त्यापुढे मी हट्ट धरत नाही. जुनी लष्करी .303 मारलीत तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, त्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडाशी असलेल्या ठिणगीच्या टोपीतून) नळीत उरणारं मीठ लोखंड खातं.

काही संग्राहक तिला ‘बिघडवलेली डच रायफल’ म्हणतात आणि 6.5 ची नळी शोधून ‘मूळ रूपात’ आणायचं म्हणतात. कृपा करून हे करू नका. हाताशी होतं त्यातून एका नव्या देशाने आपलं सैन्य उभं केलं, त्याचं काम या धातूवर दिसतं. डच एम95 हव्या तर वेगळ्या मिळतात. दस्त्याला पॉलिशही करू नका, ओरखडे राहू द्या.

भारतातल्या वाचकांसाठी: .303 तिथे प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे ती घेण्याचा विचार परदेशात राहणाऱ्यांनीच करावा.

घेताना क्लिप, म्हणजे काडतुसं एकत्र धरणारी पत्र्याची पकड, आहे का ते आधी विचारा. काडतुसं क्लिपसकटच आत जातात, रिकामी क्लिप खालून गळते. क्लिप नसेल तर एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये सारत बसावं लागतं. नंतर वेगळी क्लिप शोधणं महाग पडतं, तेव्हा भाव ठरवतानाच ते धरा.