डब्ल्यूएमएम सात महिने वापरून: ४६ चुकीच्या रांगेत

फर्मवेअर अपडेटनंतर ॲक्सेस पॉइंटच्या (वायफाय देणाऱ्या यंत्राच्या) सेटिंग्ज पुसल्या गेल्या आणि डब्ल्यूएमएम, म्हणजे वायफायवर कोणतं पॅकेट (डेटाचा तुकडा) आधी जाईल ते ठरवणारी सोय, बंद होऊन बसली. लक्षण ठळक आहे: सिग्नल पूर्ण, पण लिंक स्पीड ५४ एमबीपीएसच्या वर सरकत नाही. ८०२.११एन (वायफाय ४) आणि त्यापुढचे वेग डब्ल्यूएमएमशिवाय मिळतच नाहीत. नवं यंत्र घेण्याआधी एवढी एक खूण तपासा, पैसे वाचतील.

चालू केल्यावर चार रांगा मिळतात: व्हॉइस, व्हिडिओ, बेस्ट एफर्ट, बॅकग्राउंड. इथपर्यंत उत्तम. माझी खरी तक्रार रांग ठरवण्याच्या पद्धतीवर आहे. कॉलची पॅकेट सहसा डीएससीपी (पॅकेटवर लिहिलेला प्राधान्याचा आकडा) ४६ ही खूण घेऊन येतात. ४६ म्हणजे बायनरीत १०१११०. हे फर्मवेअर त्यातले पहिले तीनच बिट बघतं: १०१, म्हणजे ५. आणि ५ जातो व्हिडिओच्या रांगेत! व्हॉइसची रांग ६ आणि ७ साठी आहे. ४६ ला ६ मध्ये टाका, असं आरएफसी ८३२५ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात २०१८ सालीच लिहून ठेवलंय. तरीही इथे डीएससीपीचा तक्ता (कोणती खूण कोणत्या रांगेत) बदलायची सोयच नाही. घरातल्या घरात टीव्हीवर स्क्रीन टाकली आणि ती पॅकेट व्हिडिओच्या खुणेची असली, की कॉल त्यांच्याच मागे उभा.

खात्री करायची तर दुसऱ्या लॅपटॉपचं वायफाय मॉनिटर मोडमध्ये (हवेतली सगळी पॅकेट ऐकण्याच्या अवस्थेत) टाकून वायरशार्क या पॅकेट उलगडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्यूओएस कंट्रोल हा रकाना उघडा. टीआयडी (रांग सांगणारा आकडा) ५ दिसला तर रांग चुकलीय. उपाय गेटवेवर (घर इंटरनेटशी जोडणाऱ्या राउटरवर): घराच्या आतल्या बाजूला जाणाऱ्या कॉलच्या पॅकेटवर ४६ ऐवजी ४८ लिहायचं; त्याचे पहिले तीन बिट ११०, म्हणजे ६. बाहेर इंटरनेटकडे जाणाऱ्या पॅकेटवर हे करू नका. बाहेरून येताना खूण बरेचदा शून्य झालेली असते, तेव्हा ४६ शोधून काही हाती लागत नाही. फोनचा आयपी किंवा कॉलचे यूडीपी पोर्ट धरून नियम लिहावा लागतो.

ईडीसीएचे आकडे (पाठवण्याआधी प्रत्येक रांगेने किती थांबायचं ते) मात्र मूळचेच ठेवा. व्हॉइससाठी सीडब्ल्यू (थांबण्याची मर्यादा) किमान ३, कमाल ७. काही ठिकाणी हेच रकाने २ चा घातांक मागतात (येणाऱ्या उत्तरातून १ वजा होतो), तिथे २ आणि ३ भरायचे; ३ भरलंत तर किमान ७ होतं आणि व्हॉइसची धार जाते. तक्तेही दोन असतात. ॲक्सेस पॉइंटचा तक्ता फक्त डाउनलोडसाठी, स्टेशनचा तक्ता फोनकडून येणाऱ्या पॅकेटसाठी. 'नो ॲक'ला (पॅकेटची पोच न मागण्याच्या पर्यायाला) हात लावू नका. हरवलेलं पॅकेट मग पुन्हा पाठवलंच जात नाही.

सुरुवातीला मी कॉल तुटण्याचा सगळा दोष याच ४६ ला दिला होता. तो अर्धाच खरा निघाला. बॅकअप अपलोड सुरू असताना पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) चढत असेल, आणि केबलने जोडलेल्या संगणकावरही चढत असेल, तर वायफाय निर्दोष आहे. गेटवेच्या अपलोड बाजूला पॅकेट तुंबलीत. तिथे डब्ल्यूएमएम काहीच करू शकत नाही. गेटवेवर एसक्यूएम (पॅकेट तुंबू न देणारी सोय) चालू करून त्यातली केक ही पद्धत निवडा, अपलोड आणि डाउनलोड दोन्ही मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधा. पिंग तरीही चढला तर ८५ करा.

एसक्यूएमनंतर बॅकअपच्या वेळचे कॉल सुधारले. स्क्रीन टाकल्यावरचे नाहीत. ते ४८ लिहिल्यावरच सुधारले. म्हणून पाचपैकी तीन तारे. तक्ता बदलायची सोय आली तर चौथा लगेच देईन.